बांडगूळ, अमरवेल, टारफुला आणि चंदन: परोपजीवी वनस्पतींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाडावर उगवलेली प्रत्येक वनस्पती परोपजीवी असते का?

नाही, आणि या गैरसमजापायी दरवर्षी बऱ्याच निरुपद्रवी वनस्पती ओरबाडून फेकल्या जातात. आंब्याच्या खोडावरची आमरी (ऑर्किड), बाशिंग नेचा, शेवाळ, दगडफूल यांना झाडाकडून फक्त जागा हवी असते. त्यांची मुळे किंवा मुळांसारखे तंतू सालीच्या वरच राहतात. पाणी पावसाचे आणि दवाचे, खत सालीवर साचलेल्या कचऱ्याचे. ती काढून झाडाचा काही फायदा होत नाही.

परोपजीवी वनस्पतीचे शोषकमूळ यजमान झाडाची साल फोडून आत शिरते आणि थेट त्याच्या जलवाहिन्यांना, काही जातींत रसवाहिन्यांनाही, जोडले जाते. ओळखायला सोपी खूण म्हणजे जोडाची जागा. तिथे फांदी फुगून गाठ आलेली असते आणि वनस्पती ओढली तर फांदीचा टवका निघतो, पण मूळ सुटत नाही. आमरी मात्र सालीवरून सोलून निघते.

वड-पिंपळाचे रोप झाडाच्या खाचेत रुजले तर तेही परोपजीवी नव्हे. तरी ते काढाच. ते रस शोषत नसले तरी पुढे त्याची मुळे खोडाला आवळतात.

अर्धपरजीवी आणि संपूर्ण परजीवी यांत फरक काय?

पान हिरवे असेल तर बहुधा अर्धपरजीवी. बांडगूळ, टारफुला आणि चंदन स्वतःचे अन्न बऱ्याच अंशी स्वतः तयार करतात, पण पाणी आणि क्षार दुसऱ्याकडून घेतात. अमरवेल आणि तंबाखू-वांग्याच्या मुळांवर येणारा बंबाखू हे जवळजवळ सर्वच गोष्टींसाठी यजमानावर अवलंबून असतात. सपुष्प वनस्पतींत सुमारे एक टक्का जाती परोपजीवी आहेत आणि हा मार्ग वनस्पतींनी स्वतंत्रपणे डझनभर वेळा शोधला आहे. म्हणूनच चंदन आणि अमरवेल यांचे आपसात काही नाते नाही. एकासाठीचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, तो याच कारणाने.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू आहे: शोषकमूळ जुळण्याआधीचे काही दिवस हाच त्यांचा सर्वांत नाजूक काळ. त्यानंतर जे काही करायचे ते महाग, अर्धवट किंवा पिकाला इजा करणारे असते.

बांडगूळ आंब्यावर येते कुठून? आसपास तर कुठेच दिसत नाही.

पक्ष्यांमुळे. कोकणात सर्रास दिसणाऱ्या मोठ्या पानांच्या बांडगुळाचे शास्त्रीय नाव डेन्ड्रोफ्थी फाल्काटा. त्याची लांब नळीसारखी फुले शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी उघडतात; परागीकरण तेच करतात. फळे पिकली की फुलटोच्या येतो. हा चिमणीहूनही लहान पक्षी फळ अख्खे गिळतो आणि काही मिनिटांतच बी बाहेर टाकतो. बियांभोवती इतका चिकट थर असतो की ती शेपटाखाली लोंबत राहते. मग पक्षी फांदीवर अंग घासून ती चिकटवून टाकतो. बी जमिनीवर पडले तर वाया जाते. फांदीवर पडले की माती नसतानाच रुजते.

सलीम अली यांनी कोकणातील या त्रिकुटावर, म्हणजे शिंजीर, फुलटोच्या आणि बांडगूळ यांच्यावर, १९३१मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला होता. बागायतदाराने तो विषय मनावर घ्यावा तो एका कारणासाठी: फुलटोच्या लांब जात नाही. बी पटकन बाहेर पडत असल्याने ते बहुतेक त्याच झाडावर किंवा शेजारच्या झाडावर पडते. त्यामुळे एका आंब्यावरचे जुने बांडगूळ काढले तर आजूबाजूच्या कलमांवरचा पुढचा प्रादुर्भाव बराच थांबतो. बांधावरचा मोह, कडुनिंब, साग हेही तपासा. या एका जातीचे ३००हून अधिक यजमान नोंदलेले आहेत.

बांडगुळाने झाड मरते का?

एकट्या बांडगुळाने धडधाकट झाड सहसा मरत नाही. पण जोडाच्या पुढचा फांदीचा शेंडा उपाशी राहतो, बारीक होतो आणि वाळतो. शेवटी फांदीच्या टोकाशी आंब्याची पाने नसून फक्त बांडगुळाची झुडपे उरतात. अशा फांदीला मोहोर कुठून येणार?

खरा ताण एप्रिल-मेमध्ये दिसतो. पाणी कमी पडले की आंबा आपली पर्णरंध्रे (पानांवरची बारीक छिद्रे) मिटून घेतो; बांडगूळ मिटत नाही. ते पाणी ओढतच राहते, कारण ओढून घेतल्याशिवाय त्याला क्षार मिळत नाहीत. त्यामुळे एरवी तग धरणारे झाड दुष्काळी वर्षी, किंवा आधीच खोडकिडीने पोखरलेले असेल तर, खचते. लहान कलमावर दोन-तीन झुडपे असतील तर ते गंभीर समजा. जुन्या रायवळ आंब्यावर तेवढी असली तर घाई नाही.

बांडगूळ काढायची नेमकी पद्धत कोणती?

हाताने किंवा आकडीने मोडून काढणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत निरुपयोगी पद्धत. शोषकमूळ लाकडात राहते आणि वर्षभरात त्याच जागी एकाऐवजी चार फुटवे येतात. शिवाय या जातीची काही मुळे फांदीच्या सालीवरून सरपटत जाऊन थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा आत शिरतात. म्हणून मुख्य गाठीवर नजर ठेवून भागत नाही, सरपटणाऱ्या मुळाचे खोडाकडचे टोक शोधावे लागते.

ते टोक सापडले की त्याच्याही खाली, म्हणजे खोडाच्या बाजूला, साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर राखून फांदी करवतीने कापा. कोयत्याचे घाव नकोत. चिरफाळलेल्या लाकडात बुरशी आणि खोडकिडा शिरतो. जाड फांदी असेल तर आधी खालून तिसरा हिस्सा कापा, मग थोडे पुढे सरकून वरून. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते.

कापल्यावर लगेच बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवा, चुना निवू द्या, मग दोन्ही एकत्र ढवळा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडाची नकोत. लोखंडी खिळा मिश्रणात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी चुन्याची निवळी घाला. पेस्ट त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी ती तितकी चिकटत नाही.

बांडगूळ मुख्य खोडावर किंवा मोठ्या फांदीवर असेल तर? ती कापली तर झाडच जाईल.

मग झुडूप सालीलगत कापा, सरपटणारी मुळे तासून काढा आणि त्या जागेवर काळे जाड प्लास्टिक दोन थरांत गुंडाळून सुतळीने बांधा. दोन्ही बाजूंना वीतभर जास्त झाका. उजेड मिळाला नाही की नवे फुटवे पांढरे पडून मरतात. ते किमान दोन वर्षे ठेवावे लागते. पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहा, साल कुजत असेल तर पंधरा दिवस मोकळे सोडा, प्लास्टिक फाटले असेल तर बदला. सुतळी दरवर्षी सैल करायला विसरू नका.

इथेफॉन हे पानगळ घडवणारे रसायन फवारल्यास बांडगुळाची पाने गळतात. पण लाकडातला भाग जिवंत राहतो आणि पुन्हा फुटतो, शिवाय फवारा आंब्याच्या पानांवर गेला तर ती पानेही गळतात. आमच्या मते मजुरी वाचवण्यासाठी केलेला हा खर्च दोनदा होतो.

कोणत्या महिन्यात काढावे?

आंबा उतरवून झाल्यावर, पावसाचा जोर सुरू होण्याआधी. पण बांडगुळाला फळे धरलेली दिसली तर मुहूर्त पाहत बसू नका. निदान फळांचे झुपके तरी आधी काढून टाका. शोधाशोध सकाळच्या तिरप्या उन्हात करा. आंब्याच्या गडद, लवचीक पानांत बांडगुळाची जाड, राखाडी झाक असलेली पाने वेगळी उठून दिसतात. पानगळ होणाऱ्या झाडांवर तर फेब्रुवारी-मार्चमध्ये ती दुरूनही लपत नाहीत.

मग सगळेच बांडगूळ नष्ट करायला हवे का?

बागेतले हो. जंगलातले आणि देवराईतले राहू द्या. हळदीकुंकू या फुलपाखराच्या अळ्या बांडगुळाच्या पानांवरच वाढतात. शिंजिरांना मधुरस आणि फुलटोच्यांना फळे तिथूनच मिळतात. गंमत म्हणजे व्हिस्कम गटातली काही लहान बांडगुळे या मोठ्या बांडगुळावरच परोपजीवी म्हणून राहतात.

बांडगूळ औषधी असते म्हणतात. घरी काढा करावा का?

करू नये. बांडगूळ ज्या झाडावर असते त्याची विषे त्यात उतरू शकतात. कण्हेरीवर वाढलेल्या बांडगुळात हृदयावर घातक परिणाम करणारी कण्हेरीची द्रव्ये आढळली आहेत. आणून देणाऱ्याने ते कोणत्या झाडावरून काढले हे वाळलेल्या पाल्यावरून तुम्हाला कळणार नाही.

अमरवेलीला मूळ आणि पान नसते, मग ती उगवते कशी?

बियांपासून, जमिनीतूनच. उगवताना तिला एक तात्पुरते मूळ असते आणि बियांतल्या शिदोरीवर ती साधारण आठवडाभर जगते. तेवढ्यात तिचा धाग्यासारखा शेंडा गोल गोल फिरत यजमान शोधतो. सापडला की विळखा घालून शोषकमुळे आत घालते, आणि खालचा जमिनीतला भाग वाळून जातो. सापडला नाही तर ती मरते.

शोध आंधळा नसतो. २००६मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की अमरवेलीचे रोप टोमॅटोच्या वासाकडे झुकते. गव्हाचा वास तिला तितका भावत नाही. शेतातला अनुभवही हेच सांगतो: ज्वारी, मका, गहू ही गवतवर्गीय पिके तिला चालत नाहीत. कांदा मात्र एकदल असूनही तिच्या तावडीत सापडतो.

लसूणघासात अमरवेल आली आहे. आता काय?

ठिपका लहान असेल तर त्याच दिवशी संपवा. पिवळे धागे दिसतात त्याच्या बाहेर हातभर अंतर सोडून घास जमिनीलगत कापा. सगळे गोणीत भरा. ओढत नेऊ नका, कारण दोन-तीन इंचांचा तुकडाही वाटेत दुसऱ्या झाडाला बिलगून वाढतो. गोळा केलेले बांधावर टाकू नका, तिथे मेंदी किंवा बोर असेल तर ती त्यावर चढते. कापलेल्या जागी वाळका पाला पसरून जाळा. विळे आणि चपला झटकून मगच पुढच्या वाफ्यात जा.

शेतभर पसरली असेल तर घास मोडून दोन-तीन हंगाम मका किंवा ज्वारी घेणे हाच शहाणपणा. बी कठीण कवचाचे असते, दहा वर्षांहून अधिक काळ जमिनीत टिकते आणि सगळे एकदम उगवत नाही. म्हणून एका वर्षाच्या फेरपालटाने ती संपली असे समजू नका.

मूळ कारण बहुतेक वेळा बियाणे असते. शेजाऱ्याकडून आणलेल्या घासाच्या बियांत अमरवेलीचे बी मिसळलेले असते. आकार जवळपास सारखाच, पण घासाचे बी गुळगुळीत आणि अमरवेलीचे खरबरीत. भिंगाखाली चिमूटभर पसरून पाहा. प्रमाणित बियाणे महाग वाटते, पण अमरवेलीचा हिशेब पुढे दहा वर्षे चालतो.

कांद्यात पुनर्लागवडीच्या वेळी पेंडिमिथॅलिन हे तणनाशक ३० टक्के, हेक्टरी सुमारे ३.३ लिटर (१ किलो क्रियाशील घटक), ओलाव्यावर फवारल्यास उगवती रोपे बऱ्याच प्रमाणात दबतात. वेल एकदा कांद्याला चिकटली की त्याचा उपयोग नाही.

कोकण किनाऱ्यावरची हिरवट अमरवेल वेगळी असते का?

ती बहुधा कॅसिथा, म्हणजे दालचिनीच्या कुळातली वेल. दिसायला अगदी तशीच, नावेही अमरवेल-आकाशवेल अशी आलटून-पालटून दिली जातात. हिचे खोड हिरवट आणि चिवट असते, चुरगळल्यावर मंद मसालेदार वास येतो. ती काढतानाही तीच काळजी घ्या.

जमिनीत ओल आहे, तरी ज्वारी दुपारी माना टाकते. रोग आहे का?

झाड हळूच उपटून मुळे पाण्यात धुऊन पाहा. मुळांना चिकटलेले पांढरे, मांसल कोंब दिसले तर तो टारफुला. शास्त्रीय नाव स्ट्रायगा. आपल्याकडे मुख्यतः पांढऱ्या फुलांचा. ज्वारी, बाजरी, मका, ऊस, भात यांच्या मुळांवर तो जगतो.

इथे वेळेचा घोळ आहे. टारफुला रुजल्यावर चार ते सहा आठवडे जमिनीखालीच असतो आणि पिकाचे बहुतेक नुकसान त्या काळात होते. जमिनीवर हिरवे रोप दिसते तेव्हा चोरी होऊन गेलेली असते. म्हणजे दिसलेला टारफुला उपटल्याने या वर्षीचे पीक फारसे सुधारत नाही. ते काम पुढच्या वर्षासाठी करायचे. तरी करायचेच, कारण एका रोपातून पन्नास हजारांहून अधिक बिया पडतात. बी धुळीसारखे, मिलिमीटरच्या पाव भागाएवढे, आणि जमिनीत १० ते २० वर्षे जिवंत राहते.

त्या बियांना ज्वारी पेरली आहे हे कळते कसे?

जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी असले की ज्वारीची मुळे स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्ये सोडतात. ही हाक मुळांशी सहजीवन करणाऱ्या उपयोगी बुरशीसाठी असते. बुरशीवरचा हा परिणाम २००५मध्ये जपानी संशोधकांनी सिद्ध केला. टारफुल्याचे बी तीच हाक चोरून ऐकते. आठवडा-दोन आठवडे ओल आणि ऊब मिळालेले बी मुळापासून काही मिलिमीटरच्या आत असेल तरच रुजते.

यावरून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक, भुकेल्या जमिनीत टारफुला जास्त. शेणखत, नत्र आणि स्फुरद नीट दिलेल्या शेजारच्या वावरात तो कमी दिसतो, त्यामागे नशीब नसते. दुसरी गोष्ट कापसाची. स्ट्रिगोल हे द्रव्य १९६६मध्ये प्रथम मिळाले ते कापसाच्या मुळांतून, आणि कापसावर टारफुला जगूच शकत नाही. म्हणजे कापूस बियांना उठवतो आणि उपाशी मारतो.

म्हणजे कापूस घेतला की शेत साफ?

एका हंगामात नाही. मुळांच्या अगदी जवळच्याच बिया फसतात. कापूस, सोयाबीन, भुईमूग, तूर, सूर्यफूल, चवळी यांपैकी जमिनीला मानवेल ते आलटून-पालटून किमान तीन वर्षे घ्या आणि त्या काळात शेतात उगवलेली ज्वारीची, मक्याची चुकार झाडे व गवतवर्गीय तण ठेवू नका. चुकार झाडांवर टारफुला बी धरतो आणि तीन वर्षांची मेहनत फुकट जाते.

अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनात १९५६मध्ये टारफुला सापडला, तेव्हा जमिनीत इथिलीन वायू सोडून बिया यजमानाविना रुजवल्या गेल्या, जोडीला कडक विलगीकरण आणि तणनाशके. तत्त्व कापसाचेच, पण सरकारी खजिना मागे उभा होता.

२,४-डी हे तणनाशक मारले तर?

ज्वारी, मका, उसात उगवून आलेल्या टारफुल्यावर २,४-डी सोडियम क्षार ८० टक्के, हेक्टरी १.२५ किलो, ५०० लिटर पाण्यात, रोपांवर थेट पडेल असे फवारता येते. फुले येण्याआधी फवारा, आणि लेबलवरचे पीक व अवस्था पाहूनच. ज्वारीत तुरीचे आंतरपीक असेल तर अजिबात नाही. तूर आधी मरेल. आजूबाजूला कापूस, द्राक्ष, टोमॅटो किंवा भाजीपाला असेल आणि वारा असेल तर पंप बाहेरच काढू नका. कापसाला तर वाऱ्याने उडालेले याचे तुषारही बाधतात आणि पाने पंजासारखी आवळतात. हा पंप दुसऱ्या फवारणीसाठी वापरायचा नाही. धुऊनही अंश राहतो.

उसात खोडव्यावर खोडवा घेतल्याने बी साठत जाते. प्रादुर्भाव असलेल्या शेतात दुसऱ्या खोडव्याचा मोह टाळा.

चंदन परोपजीवी आहे तर ते शेतात लावायचे कसे?

यजमानासह. नुसती चंदनाची रोपे ओळीत लावून दोन वर्षांनी ती पिवळी, खुरटी का राहिली असे विचारणारे बरेच भेटतात. खत कमी पडलेले नसते, जोडीदार नसतो.

रोपवाटिकेतच पिशवीत तूर किंवा एखादी छोटी यजमान वनस्पती असायला हवी. रोप घेताना एखादी पिशवी उघडून मुळे पाहण्याचा आग्रह धरा. चंदनाच्या बारीक मुळांवर यजमानाच्या मुळाला चिकटलेल्या छोट्या चकत्या दिसल्या तर जोड जुळला. तूर उंच होऊन चंदनावर सावली धरत असेल तर छाटा, उपटू नका.

शेतात चंदनापासून फूट-दीड फुटावर तूर टोका. पण तूर एक-दोन वर्षांत संपते, म्हणून त्याच पावसाळ्यात चार-पाच फुटांवर कायमचा यजमान लावा: सुरू, करंज, शेवगा, कडुनिंब. नत्र स्थिर करणारे यजमान साधारणपणे सरस ठरतात. चंदनाचे अंतर १० बाय १० फुटांपेक्षा कमी नको. यजमान झपाट्याने वाढून डोक्यावर आला तर फांद्या विरळ करा; कोवळेपणी थोडी सावली चालते, पुढे ऊन लागते. पाणी साचणारी काळी जमीन असेल तर हा नाद सोडा.

अर्धवट निरोगी दिसणाऱ्या चंदनाखाली साफसफाई म्हणून सगळे गवत आणि झुडपे काढून टाकणे ही नेहमीची चूक. त्यांतल्या कित्येकांशी त्याची मुळे जोडलेली असतात.

आणि दहा-बारा वर्षांत कोट्यवधी देणाऱ्या जाहिरातींचे गणित स्वतः करून पाहा. पैसा गाभ्याला असतो, झाडाच्या जाडीला नव्हे, आणि गाभा दहा वर्षांच्या आत नावालाच असतो. लागवडीची सातबारावर नोंद करून घ्या. तोड आणि वाहतुकीसाठी वनविभागाची परवानगी लागते. चोरीच्या बंदोबस्ताचा खर्चही पहिल्या दिवसापासून धरा.

काढलेले बांडगूळ, अमरवेल, टारफुला जनावरांना घातले तर चालते का?

आंब्यावरच्या बांडगुळाची पाने शेळ्या आवडीने खातात, चालते. कण्हेर, कुचला अशा विषारी झाडावरचे मात्र नको. अमरवेल आणि टारफुला बी धरण्याआधीचे असतील तरच घाला. बी धरलेले घातले तर ते जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर पडते आणि शेणखताबरोबर सगळ्या शेतात पोचते. फुलावर आलेला टारफुला उपटून बांधावर टाकला तरी बोंडांत बी पिकू शकते. गोणीत भरून वाळवा आणि शेताबाहेर, वारा नसताना जाळा.